डावं-उजवं

आपल्याला उजवीकडे वळायचं आहे, हे मागच्या माणसाला कळवण्याचे आमच्या पुण्यात जेवढे प्रकार आहेत तेवढे दुसऱ्या कुठल्या शहरात असतील असं मला वाटत नाही. रिक्षावाला पाय बाहेर काढतो. स्कूटरच्या मागच्या सीटवर बसलेली गृहिणी भाजीची पिशवी मांडीवर सावरीत एक हात असा काही हलवते, की ती आपल्याला बोलावते आहे की हाकलते आहे याचा मागच्याला उलगडा होत नाही. कॉलेजातले तरुण नुसती मान कलती करतात, आणि ती मान वळण्यासाठी कलली आहे की खांद्याशी दाबून धरलेल्या मोबाइलसाठी, हे ज्याचं त्यानं ओळखायचं. शिवाय काही थोर मंडळी अशीही आहेत, की ती काहीच करीत नाहीत. आपण कुठं राहतो हे साऱ्या पेठेला ठाऊक आहे, तेव्हा आपण कुठं वळणार हेही ठाऊक असणारच, अशा निश्चिंत मनानं ती खुशाल वळतात.

आमच्या अण्णांची रीत मात्र निराळी होती. अण्णा म्हणजे माझे वडील. १९९७ साली, मी अकरावीत असताना, त्यांनी शंभर सीसीची एक मोटारसायकल घेतली. (तिचं नाव सांगत नाही, उगाच फुकटची जाहिरात व्हायची.) त्याआधी वीस-बावीस वर्षं ते सायकलवर होते, आणि हात दाखवून वळण्याची सायकलवरची सवय त्यांनी मोटारसायकलवरही सोडली नाही. गाडीला पुढं दोन आणि मागं दोन असे चार पिवळे दिवे होते. अण्णा आधी अंगठ्यानं बटण सरकवीत आणि मग उजवा हात सरळ बाहेर काढीत. उजवा हात म्हणजे ॲक्सिलरेटरचा हात. तो सुटला, की गाडी आपोआप मंद होई, आणि मागच्याला एकाऐवजी तीन गोष्टी कळत. एकदा मी त्यांना विचारलं, "अण्णा, दिवा लावलाय ना? मग हात कशाला?"

"दिवा लागला की नाही ते मला पुढं बसून कुठं दिसतंय?" अण्णा म्हणाले, "हात मला दिसतो."

हे उत्तर तेव्हा मला फार जुनाट वाटलं होतं.

अण्णांनी अठ्ठ्याहत्तरीला गाडीची किल्ली माझ्या हाती दिली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागलं होतं छान, पण संध्याकाळी समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती त्यांना कडी दिसू लागली होती. तेव्हापासून मी त्या गाडीवरून कॉलेजात जातो. इंजिन अजून ठणठणीत आहे. थकले होते ते तिचे वळणाचे दिवे. प्रत्येक दिव्यात १० वॉटचा तारेचा बल्ब. त्यावर नारिंगी प्लॅस्टिकची टोपी, जी इतक्या वर्षांच्या उन्हानं लिंबाच्या सरबतासारखी फिकी झालेली. आणि गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, अडीच अँपिअर-तासाची, जेवणाच्या डब्याहून लहान. चौकात लाल दिव्यापाशी इंजिन मंद झालं, की माझा वळणाचा दिवा 'लागू का नको' अशा विचारात पडे. दुपारच्या उन्हात तर तो लागला आहे की नाही हे हाताची सावली धरून पाहावं लागे. तरीही दिवस चालले होते. मध्यमवर्गीय घरात एखादी वस्तू पूर्ण बंद पडल्याखेरीज बदलायची नसते, हा नियम आमच्याही घरात पाळला जातो.

तो नियम मोडायला कारण झालं ते दोन वर्षांपूर्वी. आमच्या द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गात एक मुलगा होता. मागच्या बाकावर बसायचा, पण ऐकायचा. डिसेंबर महिन्यात संध्याकाळी सहा-सव्वासहाच्या सुमाराला, म्हणजे उजेड पुरता गेलेला नसतो आणि रस्त्यावरचे दिवे पुरते लागलेले नसतात अशा वेळी, घराच्या गल्लीत वळताना मागून येणाऱ्या टेंपोची त्याला धडक बसली. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याच्या मागं बसलेला मित्र पाय मोडून वाचला. त्याला भेटायला आम्ही दोघं-तिघं प्राध्यापक गेलो, तेव्हा तो पुन:पुन्हा एकच सांगत होता, "सर, त्यानं इंडिकेटर दिला होता. मी टिक-टिक ऐकली." टेंपोवाल्यानं पोलिसांपुढं सांगितलं, की इंडिकेटर नव्हता. मला वाटतं, दोघंही खरं बोलत होते. दिवा लागला होता, पण पोचला नव्हता.

कॉलेजचा हजेरीपट वर्षारंभी एकदा छापून येतो. त्यातले क्रमांक मधेच बदलत नाहीत. त्याचा क्रमांक एकेचाळीस. चाळीस झाला, की मी बेचाळीस म्हणत असे. मार्चपर्यंत रोज.

याच सुमारास आमच्या कन्येला अठरा वर्षं पूर्ण झाली. ती भौतिकशास्त्र शिकते, आणि तिच्या मैत्रिणी ज्या गुळगुळीत, बिनगिअरच्या स्कूटरवरून फिरतात त्या तिला पसंत नाहीत. तिला आजोबांची मोटारसायकल हवी. परवाना हातात पडला त्या रात्रीच घरात परिषद भरली. अण्णा नातीच्या बाजूनं. मी, प्राध्यापकांच्या परंपरेला अनुसरून, दोन्ही बाजूंनी. आमच्या सौभाग्यवती बँकेत कर्ज विभागात आहेत. तारण पाहिल्याशिवाय त्या काही मंजूर करीत नाहीत. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी ने. पण मागून येणाऱ्याला तू वळते आहेस हे आधी दिसलं पाहिजे. ते होईपर्यंत बस."

त्यांना एकेचाळीस क्रमांक ठाऊक होता.

"मग एलईडी बसवू," कन्या म्हणाली. जणू हे वाक्य ती संध्याकाळपासून खिशात घेऊन बसली होती.

एलईडी हा शब्द आता आपल्या घरात इतका रुळला आहे, की दिवाळीच्या माळा म्हटलं तरी तेच, आणि दाराशी लावायच्या कंदिलातही तेच. पण हे काय प्रकरण आहे ते मला कन्येकडून प्रथम नीट कळलं. साध्या बल्बमध्ये तार तापते, इतकी तापते की उजळते. उजेड हा तिथं उष्णतेचा उपउद्योग. शंभर भाग वीज घातली, तर नव्वदीहून अधिक भाग नुसता ताप होऊन जातो. जो उजेड उरतो तो पांढुरका. त्याला नारिंगी टोपी घातली, की टोपी त्यातलाही बराचसा खाऊन टाकते. एलईडीत तारच नाही. एक चिमुकला स्फटिक असतो, त्यातून वीज गेली की तो थेट प्रकाश देतो, आणि कुठल्या रंगाचा द्यायचा हे त्याच्या घडणीतच ठरलेलं असतं. असा प्रकाश हेन्री राउंड नावाच्या इंग्रज संशोधकानं १९०७ साली कार्बोरंडमच्या खड्यात पाहिला होता. डोळ्यांना दिसेल असा लाल दिवा निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत केला. त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं, जॉर्ज क्रेफर्ड यांनी, १९७२ साली पिवळा केला. निळ्यासाठी मात्र फार वाट पाहावी लागली, आणि तो करणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचं नोबेल मिळालं. "म्हणजे बाबा," कन्या म्हणाली, "आपल्याला हवाय तो पिवळा तुमच्याहूनही वयानं मोठा आहे." गुरूनं लाल करावा आणि शिष्यानं पिवळा, ही गोष्ट मला एक शिक्षक म्हणून बरी वाटली.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली, ती सौभाग्यवतींनी दोनदा विचारून घेतली. तारेच्या बल्बला तापून पूर्ण तेजाला यायला क्षणभर लागतो. एलईडीला लागत नाही. मोटारींच्या ब्रेकच्या दिव्यांबाबत हे मोजून पाहिलेलं आहे, आणि फरक येतो सुमारे एकपंचमांश सेकंदाचा. एवढ्याशा वेळात साठच्या वेगानं येणारं वाहन दहा-अकरा फूट पुढं येतं. आमच्या स्वयंपाकघराची लांबी साडेदहा फूट आहे. सौभाग्यवतींनी एकवार ओट्यापासून दारापर्यंत पाहिलं आणि प्रस्ताव मंजूर झाला.

पुण्यात दुचाकीचं काही हवं असलं, की माणूस नाना पेठेत जातो. तिथल्या गल्ल्यांत आरशापासून सायलेन्सरपर्यंत गाडीचा प्रत्येक अवयव सुटा टांगलेला असतो; ते पाहताना वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवागारात आल्यासारखं वाटतं. एका दुकानाबाहेर वळणाच्या दिव्यांचं एक तोरणच लावलं होतं. निळे, जांभळे, हिरवे, बाणासारखे धावणारे, एकाआड एक लाल-निळे होणारे. एक पोरगा त्यातले सर्वांत भडक निवडून घेत होता. मला मात्र मोटार वाहन कायद्याचं, १९८८ च्या, बावन्नावं कलम आठवत होतं. कारखान्यानं जी गाडी केली तिच्यात मनाला येईल तो फेरफार करायला ते मोकळीक देत नाही. आणि वळणाच्या दिव्याचा रंग नारिंगी-पिवळाच हवा असा नियम आहे, त्यात मला तरी शहाणपण दिसतं. लाल म्हणजे थांबतोय, पांढरा म्हणजे समोरून येतोय, नारिंगी म्हणजे वळतोय, ही रस्त्यावरची बाराखडी आहे. प्रत्येकानं आपापली बाराखडी काढली, तर वाचणार कोण? आम्ही नारिंगी घेतले; जुन्याच जागी, जुन्याच मापाचे बसतील असे. चार दिव्यांचे साडेचारशे रुपये झाले.

दिवे घेणं सोपं. ते बसवायला आम्ही गेलो चाचांकडे. चाचा हे नाना पेठेतल्या एका बोळातले वायरमन. सत्तरीला आलेले, पांढरी दाढी, नाकावर चष्मा, आणि दुकान एवढं अरुंद की गाडी बाहेर आणि ते आत. अण्णांच्या वेळेपासूनची ओळख. मी मराठीचा प्राध्यापक आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणून ते मला 'मास्तर' म्हणतात. (इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांना ते 'सर' म्हणतात, हे मी लक्षात ठेवलं आहे.)

चाचांनी नवा दिवा उलटसुलट करून पाहिला. "मास्तर, याला वेगळा अर्थ पाहिजे," ते म्हणाले.

मी चमकलो. मग कळलं. वायरमन मंडळींच्या भाषेत विजेची परतीची वाट म्हणजे 'अर्थ'. इंग्रजांनी जमिनीला दिलेलं नाव. जुन्या बल्बला एकच वायर असे. त्याचा अर्थ गाडीच्या लोखंडी अंगातूनच मिळे. नव्या दिव्याचा देठ रबराचा, त्यातून वीज जात नाही. त्याला लाल आणि काळी अशा दोन वायरी, आणि त्या उलट जोडल्या तर तो लागतच नाही. बल्बला उलटसुलट काही नव्हतं. बावीस वर्षं मी 'शब्द आणि अर्थ' शिकवतो आहे, पण अर्थाची जोडणी चुकली की दिवा लागत नाही, इतक्या थोडक्यात ते मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

डावीकडचे दोन दिवे बसले. चाचांनी बटण सरकवलं, आणि काय सांगू! भर दुपारी दोन ठिपके असे झळकले, की बोळातून जाणारा एक सायकलस्वार वळून बघू लागला. कन्येनं टाळी वाजवली. पण ते दिवे उघडझाप करीनात. लागले ते लागलेच. स्थिर, झगझगीत, गप्प.

"बोला मास्तर," चाचा म्हणाले, "वळणार का नाही?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम काढला होता. नवा दिवा जुन्या फ्लॅशरवर काय बोलतो ते गिऱ्हाइकाला आधी दाखवायचं, मग पुढचं काम सांगायचं, ही त्यांची पद्धत. त्यांनी पत्र्याच्या डबीतून एक जुना फ्लॅशर काढला आणि पक्कडीनं त्याची टोपी उचकटली. आत एक पातळशी धातूची पट्टी होती, पोस्टाच्या तिकिटाच्या काठाएवढी. दिव्यांकडे जाणारी सगळी वीज या पट्टीतून जाते. दोन बल्ब मिळून २० वॉट, म्हणजे जवळजवळ पावणेदोन अँपिअर. एवढ्या ओझ्यानं पट्टी तापते, तापली की वाकते, वाकली की जोड सुटतो, टिक्. दिवा विझतो. वीज थांबली, की पट्टी निवते, सरळ होते, जोड जुळतो, टिक्. दिवा लागतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मित्रानं जी टिक-टिक ऐकली होती, ती या पट्टीची. नवे दोन दिवे मिळून खातात जेमतेम पाव अँपिअर. तेवढ्यानं पट्टीला ऊबही लागत नाही. ती वाकत नाही, म्हणून दिवा विझत नाही.

माझ्या लक्षात आलं, की आपण ज्याला इशारा म्हणतो तो उजेडात नव्हताच. तो मधल्या अंधारात होता. नुसता जळणारा दिवा 'मी आहे' एवढंच सांगतो. 'मी वळतो आहे' हे सांगायला त्याला क्षणभर विझावं लागतं. माझ्या तासाला बसणारी मुलं विरामचिन्हांना फार हलकं लेखतात, आणि उत्तरपत्रिकेत दीड पान एका श्वासात लिहून टाकतात. त्यांना नाना पेठेत आणून तो दिवा दाखवावा असं मला फार वाटलं.

"यावर दोन इलाज," चाचा म्हणाले. पहिला असा, की प्रत्येक बाजूला एक रेझिस्टन्स, म्हणजे वीज पिणारा तुकडा, जोडून द्यायचा. तो बल्बएवढी वीज खातो, पट्टीला वाटतं जुनाच बल्ब आहे, आणि ती पुन्हा टिक-टिक करू लागते. पुष्कळ ठिकाणी हाच करून देतात, कारण स्वस्त पडतो. पण तो तुकडा बोट भाजेल इतका तापतो, आणि बॅटरीचा वाचलेला जीव पुन्हा खर्ची पडतो. "हमालाचं ओझं उतरवलं," चाचा म्हणाले, "आणि त्याला चालता येत नाही म्हणून पाठीवर दगड बांधला. हा धंदा मी नाही करत." दुसरा इलाज म्हणजे फ्लॅशरच बदलायचा. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ओझ्याशी कर्तव्य नसतं. त्याच्या पोटात स्वतःचं घड्याळ असतं, आणि त्या ठेक्यावर तो उघडझाप करतो, मग दिवा एक वॉटचा असो की दहाचा. दीडशे रुपयांना तो मिळाला. जुन्यात एक गुण होता, तोही चाचांनी प्रामाणिकपणे सांगितला. दोनांतला एक बल्ब गेला, की पट्टीवरचं ओझं कमी होई आणि ठेका बिघडे. चालवणाऱ्याला न उतरता कळे, की काहीतरी गेलं आहे. नव्याला कोण आहे, कोण गेलं, याची खबर नसते. तो आपला ठेका धरून असतो. तेव्हा आठवड्यातून एकदा खाली उतरून गाडीभोवती फिरायचं.

हजेरीपटासारखाच की हा, असं माझ्या मनात आलं; पण ते मी बोललो नाही.

फ्लॅशर बसला, चारी दिवे बसले, आता घरी जायचं असं मी समजलो. चाचांनी बटण डावीकडे सरकवलं आणि चारही दिवे उघडझाप करू लागले. उजवीकडे सरकवलं, पुन्हा चारही. गाडी एकाच वेळी दोन्हीकडे वळायला निघाली होती. काव्यात याला श्लेष म्हणतात आणि त्याला गुण देतात. रस्त्यावर देऊ नयेत.

याचं कारण मोठं मौजेचं निघालं. गाडीच्या मीटरमध्ये, वळणाचा दिवा चालू आहे हे चालवणाऱ्याला दाखवायला, एक बारीक दिवा असतो. आमच्या गाडीत तो डाव्या-उजव्या दोहोंना मिळून एकच. त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या वायरीला. त्याला स्वतःचा अर्थ नाही! डावीकडे वीज आली, की ती या बारीक दिव्यातून उजवीकडच्या बल्बांत शिरते आणि त्यांच्यातून परतीची वाट धरते. जुने बल्ब दांडगे; एवढीशी वीज आपल्यातून कधी गेली हे त्यांना कळतही नसे. शेजाऱ्याच्या अंगणातून कुणी हळूच निघून जावं आणि शेजाऱ्याची झोपही मोडू नये, तसं. पण नवे शेजारी हलक्या झोपेचे. एवढ्याशा चाहुलीनंही ते जागे होतात आणि लुकलुकतात.

त्यावर चाचांनी जे केलं ते मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. त्यांनी दोन डायोड काढले; तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, काळे, एका टोकाला रुपेरी पट्टा. डायोड म्हणजे विजेसाठी एकेरी वाहतूक. लक्ष्मी रस्त्यावर एकेरीची पाटी किती जण पाळतात हे आपण जाणतोच. डायोड मात्र पाळतो. मीटरच्या दिव्याचं एक टोक सोडवून त्याला स्वतःचा, थेट गाडीच्या अंगाचा, अर्थ दिला. दुसऱ्या टोकाला डावीकडून एक आणि उजवीकडून एक असे दोन डायोड जोडले. आता कुठूनही वीज आली तरी बारीक दिवा लागणार, पण डावीची वीज उजवीत शिरणार नाही. कन्या त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होती. "चाचा, हे तर आमच्या प्रॅक्टिकलला आहे," ती म्हणाली. "बेटी," चाचा वायरीला काळी टेप गुंडाळत म्हणाले, "आमच्याकडं हे गल्ल्याला आहे." मजुरीचे त्यांनी दोनशे घेतले. वर अण्णांना सलाम सांगितला.

घरी आल्यावर अण्णा फाटकाशी तयारच होते. त्यांनी गाडीची तोंडी परीक्षा घेतली. दिवेलागणीची वेळ मुद्दाम निवडली, सव्वासहा. मला गाडी गल्लीच्या टोकाला न्यायला लावली, आणि स्वतः फाटकात उभं राहून मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरून एक पूर्ण मिनिट मोजलं. चौऱ्याऐंशी. आंतरराष्ट्रीय नियम मिनिटाला साठ ते एकशेवीस उघडझापींचा आहे असं मी म्हटल्यावर त्यांनी एखादा विद्यार्थी उत्तीर्ण झाल्याप्रमाणे मान हलवली. आणि मग विचारलं, "पण आवाज कुठाय?"

आवाज नव्हता. नव्या फ्लॅशरला पट्टी नाही, म्हणून टिक-टिक नाही. हे तिथवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मोटारगाडीत वळण पुरं झालं, की सुकाणूबरोबर बटणही आपोआप मागं येतं. आमच्या गाडीत ते हातानं परतवावं लागतं. मीटरमधला दिवा दुपारच्या उन्हात दिसत नाही. ती बारीक टिक-टिकच काय ती आठवण करून देत असे, की तू वळून झालास, आता पुरे. ती नसली, म्हणजे गाडी सरळ जाते आहे आणि दिवा मागच्यांना सांगतो आहे की वळणार. न दिसणाऱ्या दिव्यापेक्षा हे वाईट. चाचांना फोन केला, तर ते म्हणाले, बझर बसवून देतो. पीं-पीं करणारा आहे, पक्ष्याच्या आवाजाचा आहे, आणि एक आरतीचाही आहे. कन्येनं तिन्ही नाकारले. "मी लक्षात ठेवीन," ती म्हणाली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिला महिनाभर रोज संध्याकाळी गॅलरीतल्या झाडांना पाणी घातलं. त्या झाडांना एवढं पाणी कधी मिळालं नव्हतं.

अण्णा तिला हात दाखवायलाही शिकवू पाहत होते. ती एक-दोनदा फाटकापाशी त्यांच्या समाधानासाठी दाखवीतही असे. पुढं चौकात दाखवते की नाही, मला माहीत नाही.

आपल्याकडे अनोळखी माणसाला रस्त्यावर दोनच गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. एक, साइड स्टँड खाली आहे. ती ओरडून सांगतात. दुसरी, दिवा चालू राहिला आहे; ती मूठ उघडून-मिटून सांगतात. ही खूण कुठल्या नियमपुस्तकात मी पाहिलेली नाही, आणि ती कुणी कुणाला शिकवल्याचंही मला आठवत नाही. पण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ती येते. परवा कन्या कॉलेजातून आली ती हसतच. कर्वे रस्त्यावर वळून झाल्यावर तिचा डावा दिवा चालूच राहिला होता. मागून एक टेंपो आला. तिला वाटलं, पुढं जायचं असेल, म्हणून तिनं बाजू दिली. तो पुढं जाईना. शेजारून तसाच हळूहळू येत राहिला, आणि चालवणारा एक हात काचेबाहेर काढून सारखी मूठ उघडमीट करीत होता.

"मग?" तिच्या आईनं विचारलं.

"मग मी बंद केला," ती म्हणाली, "आणि तो गेला."